विनातिकीट ऊन

आमच्या घरात कोणतीही नवी वस्तू कोऱ्या कपाळानं आत येऊ शकत नाही. ती दारात पोचायच्या आधीच आईचं बोट कुंकवाच्या करंड्यात बुडालेलं असतं. सायकल, गॅसची शेगडी, माझं दहावीचं प्रमाणपत्र, बायकोचा मिक्सर, खुद्द आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, सगळ्यांवर तिचं बोट उमटलेलं आहे. त्या चष्म्यातून तिला पंधरा दिवस जग एका बाजूनं लाल दिसत होतं आणि डॉक्टर आपले थेंब बदलत होते. पुढे जे झालं त्यात सगळ्यांनी सगळ्यांना दोष दिला, सरकारलाही दिला, पण अर्धं मूळ त्या करंड्यात आहे. उरलेलं अर्धं माझ्या वडिलांमध्ये आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. वर्ध्याहून निघायचं, वायगाव, हिंगणघाट, जाम करत समुद्रपूर गाठायचं आणि तसंच परत यायचं, यात त्यांची बत्तीस वर्षं गेली. निवृत्त होताना त्यांनी बिल्ला, पंच आणि तिकिटांचा ट्रे जमा केला, पण कंडक्टर काही त्यांच्या अंगातून उतरला नाही. पंचाहत्तरी उलटल्यावर एसटीचा प्रवास फुकट झाला, तरी शून्य रुपयांचं तिकीट हातात पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत नाहीत. लग्नाच्या पंगतीत वाढपी घाईत पुढे सरकला की मागून ओरडतात, "अबे, मांगचे दोन राह्यले!"

त्यांची सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट माझ्या जन्माची आहे. आई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, समुद्रपूरला होती. कळा सुरू झाल्या, सुईणीनं हात टेकले आणि वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. स्टँडवर जी गाडी सुटायच्या बेतात होती तिचे कंडक्टर बाबाच होते. त्यांनी आईला गाडीत घेतलं आणि तिचं पूर्ण तिकीट फाडलं. इकडे कळा, तिकडे पंच, आणि मध्ये गाडीभर प्रवासी. ही गोष्ट आमच्या नात्यात प्रत्येक लग्नकार्यात सांगितली जाते. बाबा ती छाती काढून सांगतात. आई "सोताच्या बायकोचं तिकीट फाडलं या मानसानं" एवढंच म्हणते आणि उठून जाते. गोष्टीचा पुढचा भाग मला कळायला पन्नाशी उजाडावी लागली.

वर्ध्याच्या उन्हाचं वर्णन करत बसत नाही. ज्यानं पाहिलं त्याला गरज नाही, ज्यानं नाही पाहिलं त्याला खोटं वाटेल. गेल्या वर्षी वैशाखात बाबा दुपारी पोर्चमध्ये बसल्या बसल्या कोसळले. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा एक थेंब नाही. पिपरी मेघेच्या आमच्या घरून सावंगीच्या दवाखान्यात नेईपर्यंत ते मला ओळखत नव्हते. चार दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्वच्छ सांगितलं, की या वयात दुसऱ्यांदा ऊन लागलं तर मी शब्द देऊ शकत नाही. उन्हाळाभर दुपारी यांना थंड खोलीत ठेवा.

मी दुसऱ्याच दिवशी एसी आणून त्यांच्या खोलीत बसवला. आईनं कुंकू लावलं. बाबांनी बंद केला. आमच्या मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकतो आणि वीज जास्त ओढली की तो जास्त भरभर लुकलुकतो. एसी सुरू झाला की बाबा खाटेवरून उठायचे, चपला घालायचे आणि भर उन्हात जाऊन त्या ठिपक्यासमोर उभे राहायचे. म्हणजे ज्यांना गार ठेवायला एसी आणला, तेच एसीपायी उन्हात. शेवटी मला सोलरचं सुचलं. आपल्याच छतावरचं ऊन, त्याची आपलीच वीज, मग ठिपक्यानं का म्हणून धावावं? हे बाबांना लगेच पटलं.

"उनाले तं मीटर नाई," ते म्हणाले.

सोलरवाला घरी आला. मोबाईलवर बोट फिरवत बोलणारा, दर वाक्यात एकदा 'काकाजी' म्हणणारा माणूस. त्यानं सांगितलं की सरकारचं अनुदान हवं असेल तर पॅनेल देशातच बनलेलं लागतं.

"देशी म्हंजे कुठवर देशी?" बाबांनी विचारलं. "काच देशी, का फ्रेमबी देशी?"

"आतमधी ते निळे चौकोन असते ना काकाजी, ज्याइनं करंट तयार होते, तेबी इथलेच पाह्यजे. चौकोन बाहेरून आणले अन इथं नुसती काच लावली, तं चालत नाई."

बाबांचा चेहरा असा खुलला की पेन्शनची पहिली स्लिप आली तेव्हाही तो इतका खुललेला मी पाहिला नव्हता. "बरोबर आहे," ते म्हणाले. "लोक समुद्रपुराले चढते अन म्हणते मी जामले बसलो. कुठून बसला ते पाह्यलंच पाह्यजे."

नियम वाईट नव्हता, हे मी आज रागात असूनही मान्य करतो. उद्या सगळा देश उन्हावर चालायचा असेल तर ऊन पकडायची वस्तू तरी आपल्याला बनवता यावी, यात गैर काय? पण सगळ्या देशानं एकदमच देशी पॅनेल मागितलं आणि ते मिळेना. मी सोलरवाल्याच्या गोडाऊनमध्ये जाऊन आलो. बाहेरच्या चौकोनांच्या पॅनेलची थप्पी भिंतीला टेकून धूळ खात उभी होती, आणि देशी पॅनेलच्या जागी रिकामी फरशी झाडून ठेवलेली होती. आम्ही होळीला नाव नोंदवलं. पाडवा गेला, रामनवमी गेली. ऊन मात्र कोणाची वाट न बघता रोज वेळेवर येत होतं.

या मधल्या काळात बाबांनी घरातल्या वस्तूंची तपासणी मोहीम काढली. पंखा पास झाला. टीव्ही उलटा करून त्याची पाठ वाचली आणि पुन्हा सरळ केला नाही, दोन दिवस आम्ही बातम्या नुसत्या ऐकल्या. माझ्या मोबाईलच्या मागे काय लिहिलंय ते भिंगातून वाचल्यावर ते माझ्याशी तुटक बोलू लागले. स्टँडवरून येताना ई-रिक्षावाल्याला विचारलं, बॅटरी कुठची? तो म्हणाला, सीटखालची. समोरच्या किराणा व्यापाऱ्यानं त्याच महिन्यात नवी इलेक्ट्रिक कार घेतली होती. बाबा मुद्दाम रस्ता ओलांडून गेले.

"याच्या बॅटरीतले सेल कुठचे?"

"काकाजी, शोरूम नागपूरचं आहे."

"मी गाडी कुठून सुटली ते इचारून राह्यलो, तुमी बसले कुठी ते सांगून राह्यले."

त्या दिवसापासून व्यापारी आपली कार मागच्या गल्लीनं न्यायला लागला. बिनआवाजाची गाडी असून त्याला चोरासारखं जावं लागत होतं, याचं मला वाईट वाटलं.

अक्षय तृतीया उलटल्यावर पॅनेल आले. त्याआधी अर्ज भरून झाला होता. मीटर बाबांच्या नावावर, म्हणून सही बाबांची. त्यातल्या घोषणापत्रात लिहिलं होतं की माझ्या छतावरचे पॅनेल देशातच तयार झालेले आहेत, आणि ही माहिती खोटी निघाल्यास मी जबाबदार राहीन. बाबांनी ते दोनदा वाचलं, आंघोळ करून आले आणि मग सही केली. मी म्हटलं, बाबा, हे सगळेच न वाचता करतात. ते म्हणाले, "सही म्हंजे पंच. एकदा भोक पडलं का पडलं."

टेम्पोतून सहा पॅनेल उतरले. उतरवताना एक फाटकाला आपटून तडकलं, ते टेम्पोसोबत परत गेलं. उरलेले पाच ओट्यावर भिंतीला टेकवून फिटिंगची माणसं दुसऱ्या दिवशी येतो म्हणून गेली, आणि आई करंडा घेऊन आली.

काचेवर कुंकू ठरेना. तिनं ते तेलात कालवलं, तरी ओघळ यायला लागले. मग तिनं पॅनेल थोडं पुढे ओढून मागे पाहिलं, तर तिथे छान खरखरीत, पांढरा, हाताएवढा कागद चिकटवलेला.

"पाह्य," ती मला म्हणाली, "कुकवाले जागा सोडूनच देल्ली त्याइनं."

त्या कागदावर बारीक काळ्या रेघा आणि एक लांबलचक नंबर होता. आईनं पाचही कागदांवर ठसठशीत स्वस्तिक काढलं, अक्षता लावल्या, नारळ फोडला.

आता जे सांगतो ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. मला त्या तेलकट स्वस्तिकांची लाज वाटली. आपण हायस्कूलात विज्ञान शिकवतो आणि आपल्या घरच्या सोलरला तेल-कुंकू! फिटिंगची माणसं हसतील म्हणून मी संध्याकाळी, फाटक रंगवून उरलेल्या थिनरनं, चिंधी घेऊन, पाचही कागद पुसले. कुंकू गेलं आणि कागद फिके गुलाबी झाले. नंबरही गेला होता, पण मी कुंकूच बघत होतो. स्वच्छ निघाल्याचं मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी माणसं आली. तडकलेल्याच्या बदल्यातलं सहावं पॅनेल ती सोबत घेऊन आली होती, ते सरळ छतावरच गेलं. आई करंडा घेऊन जिन्यापर्यंत पोचली तोवर बोल्ट कसले होते. पुढच्या आठवड्यात मीटरवाले नवा मीटर लावून गेले, आणि बाबा एसीच्या गार खोलीत पाठीमागे हात बांधून येरझारा घालू लागले. मी निश्चिंत झालो.

नवतपा लागला त्या दिवशी सोलरवाला शेवटचा फोटो काढायला आला. ऊन पेटायचे ते नऊ दिवस. अनुदानासाठी प्रत्येक पॅनेलच्या मागच्या नंबराचा फोटो पाठवायचा असतो, त्या नंबरावरूनच ते देशी ठरतं. तो छतावर पॅनेलखाली वाकून शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

"भाऊ," त्यानं आतून विचारलं, "इथं गुलाबी कागद कोणं लावला?"

सहापैकी फक्त एका पॅनेलचा नंबर वाचता येत होता, उशिरा आलेल्या सहाव्याचा. बाकी पाच कोरे.

"मी कुकू लावलं होतं," आई जिन्यातून म्हणाली. तिच्या आवाजात आधी अभिमान होता. मग तिनं सोलरवाल्याचं तोंड पाहिलं.

सोलरवाल्यानं समजावून सांगितलं. कंपनीकडून नंबरांची यादी मागवतो. काचेच्या आतही नंबर असतो, पण तो पॅनेल कसलेल्या पट्टीखाली दबला आहे. पट्टी खोलायला माणसं लागतील, आणि नवतप्यात लोखंडावर कोणी चढत नाही. "नवतपा झाला का येतो काकाजी. आठ-नऊ दिवसाची तं गोष्ट आहे."

बाबा खाली आले, खोलीत गेले आणि एसी बंद केला.

"काऊन बंद केला?" मी विचारलं. घरातलं भांडण वाढलं की माझीही शुद्ध भाषा उतरते.

"पाच जणं विनातिकीट आहेत."

"बाबा, ते देशीच आहेत. नंबर पुसला, पॅनेल नाई बदललं."

"असतीन ना. मी कुठी नाई म्हणतो? तिकीट दाखव म्हणतो."

मी डॉक्टरीणबाईंच्या सांगण्याची आठवण करून दिली. बायकोनं विनवलं. शेवटी बाबा स्वतःच एका तोडग्यावर आले. सहापैकी एका पॅनेलकडे तिकीट आहे. तासाची मिनिटं साठ. म्हणजे तासाला दहा मिनिटं एसी कायदेशीर. त्यांनी जुनं गजराचं घड्याळ उशाशी ठेवलं आणि अंमल सुरू झाला.

दर तासाला गजर वाजायचा, एसी सुरू व्हायचा, खोली गार व्हायला लागायची आणि दहा मिनिटं भरायची. आम्ही तीच खोली दिवसातून आठ वेळा नव्यानं गार करत होतो. बायको म्हणाली, असं बंद-चालू केल्यानं यंत्र जास्तच वीज खातं. बाबा म्हणाले, "ते इंजिनाचं झालं. मी तिकिटाचं पाह्यतो." बातमी गल्लीत पसरली. समोरचा व्यापारी ठोक्याला विचारपूस करायला यायला लागला, चारला यायचा आणि चार-दहाला उठायचा. त्याच्या दुकानातला कूलर बिघडला होता.

आई खोलीत पाऊल टाकत नव्हती. 'मी कुकू लावलं, मीच भोगीन' म्हणून ती मधल्या घरात, जिथे पंखाही गरम वारा फेकत होता, तिथे ओला पंचा डोक्यावर घेऊन बसायची. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. बाबांना पाणी हवं असलं की ते कोणाकडेही न बघता म्हणायचे, "पाणी." आई तांब्या उंबरठ्यावर ठेवून परत जायची. चौथ्या दिवशी मला ते बघवेना. मी तिच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हटलं, आई, तुझ्या कुंकवानं नाही गेला नंबर.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "थिनरचा वास आल्ता मले."

"मग सांगितलं का नाही?"

"तुले बोलणे देऊ का? तुई त्याइच्या पुढं बोलती बंद होते. मले सवय आहे."

पन्नाशीच्या मास्तरला आपल्या आईसमोर मान वर करता आली नाही, एवढंच लिहितो.

पाचव्या दिवशी यादी आली. सोलरवाल्यानं ती माझ्या मोबाईलवर पाठवली. सहा नंबर होते. पाच पॅनेलचे नंबर तर आमच्याकडे वाचताच येत नव्हते, म्हणून मी जो वाचता येत होता तो घेऊन बसलो. सहावा. एकदा पाहिला, दोनदा पाहिला, शेवटी एकेक आकडा बोट ठेवून पाहिला. तो यादीत नव्हता.

मी सोलरवाल्याला फोन लावला आणि हातात चहाचा कप असल्यामुळे तो स्पीकरवर टाकला. ही माझी दुसरी चूक. 

"भाऊ," सोलरवाला म्हणाला, "ते तडकलं होतं ना, त्याच्या बदल्यात मानसानं गोडाऊनमधून आणलं. भिंतीजवळची थप्पी असन. बाहेरच्याची. चूक झाली. नवतपा झाला का बदलून देतो."

खाटेवरून घड्याळाची कळ दाबल्याचा आवाज आला. बाबांनी गजर बंद केला होता.

"ज्याच्याजवळ तिकीट आहे म्हणून त्याले बसवलं," ते हळूच म्हणाले, "त्याचंच खोटं निंगालं. अन मी पाच दिवस त्याच्याच भरोशावर हवा खाल्ली."  मला हसू येत होतं आणि रडूही, आणि दोन्हीचा राग येत होता. आता दहा मिनिटंही गेली.

सहाव्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला मी खोलीत गेलो तर बाबा छताकडे बघत होते. ओठ सुकलेले. मी कपाळाला हात लावला. तापलेलं, आणि कोरडं. गेल्या वर्षीचा तो कोरडेपणा माझ्या हाताला अजून आठवत होता.

"वायगाव," बाबा म्हणाले. "वायगाववाले उतरा."

 मी एसीच्या बटणाकडे हात नेला. त्यांनी तेवढ्या अवस्थेतही माझं मनगट धरलं. "पाचाइचं पाह्यलं नाई. सहावा चोर आहे. मी सही केली आहे." मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो, की मग मरा नियमानं, मी वर अर्ज करतो की देशी उन्हात मेले. हे शब्द तोंडातून गेले आणि मी तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो.

आई आत आली. सहा दिवसांत पहिल्यांदा. तिच्या हातात देव्हाऱ्यातल्या तसबिरीमागून काढलेला एक कागदाचा कपटा होता. खाटेच्या कडेला बसून तिनं तो बाबांच्या डोळ्यांसमोर धरला. एसटीचं जुनं तिकीट. बोटभर लांब, पंचचं भोक पडलेलं, आणि वरपासून खालपर्यंत कुंकवानं माखून काळपट विटकरी झालेलं.

"हे माह्यं तिकीट," ती म्हणाली. "याच्या जन्माच्या दिवशीचं. सुखरूप पोचली म्हणून बारशाले कुकू लावून ठेवलं होतं. नंबर वाचा."

बाबांनी ते जवळ नेलं, लांब नेलं. "नाई दिसत."

"मंग मी विनातिकीट आलती?"

"तुले मी सोता तिकीट देल्लं होतं."

"नंबर कुठी आहे?"

"नंबराचं काय काम? मी देल्लं होतं ना, माह्या हातानं..." आणि बाबा थांबले.

"मंग मीबी माह्या हातानंच कुकू लावलं," आई म्हणाली. "ज्या पाचाइले लावलं ते आपले निंगतीन. ज्याले लावू देल्लं नाई, तेच परकं निंगालं का नाई?"

"तो सहावा?" बाबांचा आवाज बारीक झाला होता, पण आता तो या खोलीतला होता, वायगावचा नव्हता.

"गाडीत एक विनातिकीट सापडला तं तुमी काय करत होते? भर उनात साऱ्या गाडीले उभं ठेवत होते का? पुढच्या स्टॉपवर त्याले उतरवत होते, अन गाडी चालू ठेवत होते. त्याचा स्टॉप नवतप्यानंतर आहे. उतरवजा मंग."

 आई थांबली नाही. आयुष्यभर ज्या जागी ती उठून जायची, ती जागा तिनं या वेळी ओलांडली.

"तिकीट फाडलं ते साऱ्या जगाले सांगता. सोताच्या सीटवर मले निजवलं अन समुद्रपुरापासून वर्ध्यापर्यंत उभे आले, खांबाले धरून, ते काऊन सांगत नाई कोणाले?"

मी बाबांकडे पाहिलं. ते इतके ओशाळलेले मी कधी पाहिले नव्हते.

"कंडक्टरची सीट दुसऱ्याले देता येत नाई," ते म्हणाले. "नियमात नाई बसत ते."

 मग बाबांनी माझ्याकडे न बघता हात हलवला, जसा ते ड्रायव्हरला गाडी काढ म्हणून हलवत असतील. "लाव," ते म्हणाले.

मी एसी लावला, बर्फाचं पाणी आणि पंचे आणले. आम्ही त्यांचं अंग पुसत राहिलो, साखर-मिठाचं पाणी घोट घोट पाजत राहिलो, आणि दारात रिक्षा उभी करून ठेवली. अर्ध्या तासानं त्यांच्या कपाळावर घामाचा एक थेंब आला. तो थेंब पाहून मला जे वाटलं ते मला माझ्या मुलीच्या जन्मानंतर वाटलं नव्हतं. गजर वाजला नाही. दहा मिनिटं झाली, वीस झाली, तास झाला.

चार वाजता व्यापारी नेमानं आला. दारातूनच एसी चालू दिसल्यावर गोंधळला, घड्याळाकडे बघून बसला आणि दहा मिनिटांनी सवयीनं उठला. त्याच्या पाठोपाठ आईही पंचा उचलून मधल्या घराकडे निघाली.

"कुठी चालली?" बाबा म्हणाले. "बैस इथं."

"खाटेवर जागा कुठी आहे?"

बाबा हाताचा आधार घेऊन उठले. मी धरायला पुढे झालो तर माझा हात बाजूला सारला. खिडकीचा गज धरून, पाय जरा फाकवून, धावत्या गाडीत राहतात तसे उभे राहिले.

"बैस," ते म्हणाले. "मी राह्यतो उभा."

आईनं त्यांच्या लटपटत्या पायांकडे पाहिलं. मग हात लांबवून सदऱ्याचं टोक धरलं आणि त्यांना खाली ओढलं.

"बसा मुकाट्यानं," ती म्हणाली. "दोघाइची सीट आहे."